माझी पुराची कथा नक्की कुठल्या प्रकारात बसते? विज्ञानकथा, भयकथा का आणि काय?

रंकाळ्याचा_बगळा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. वर्षभर एक कथा लिहीत बसलो होतो, आत्ता कुठं पुरी झालीय, साडेचार हजार शब्द. दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून एका संपादकांना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "प्रकार कुठला?" आणि माझी बोलतीच बंद. म्हटलं कळवतो, आणि ठेवला फोन. तेव्हापासून चार दिवस घरच्यांचं डोकं खातोय. बायको म्हणते पुराची कथा म्हणून सांग की, पण तसा काय प्रकार नसतो ना.

कथा थोडक्यात सांगतो, शेवटासकट सांगतो, त्याशिवाय तुम्हाला पण कळणार नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीत एक घर. गणपतीचं काम करणारं. दर वर्षी मिरगाच्या आसपास, म्हणजे पाऊस अजून धड लागलेला पण नसतो, मागच्या खोलीच्या भिंतीवर एक ओली रेघ उमटते. आडवी, गवंड्यानं लेव्हल पाईप लावून मारल्यासारखी सरळ. आणि पुढं जुलै-ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात शिरतं ते बरोबर त्या रेघेपर्यंत. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. ज्या वर्षी रेघ नाही त्या वर्षी पाणी नाही. आजीला हे माहीत आहे, तिच्या सासूला पण माहीत होतं. रेघ दिसली की आजी फळ्या वर सरकवायला लावते आणि गणपती रेघेच्या वर मांडून घेते. का, कसं, कोण विचारत नाही.

मग नातू. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत येतो, ओल मोजायचं मीटर आणतो, वही घालतो, जुन्या पेपरातनं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याच्या पातळ्या काढून रेघेशी जुळवतो. सगळं जुळतं, कारण सापडत नाही. आजी जाते. पुढं नातवाचं लग्न होतं, तो सागरमाळाकडं फ्लॅट घेतो, तिसऱ्या मजल्यावर, तिथं पाणी यायचा प्रश्नच नाही. आणि एका जूनमध्ये सकाळी उठून बघतो तर बेडरूमच्या भिंतीवर रेघ. छातीएवढी. संपली कथा.

आता सांगा. मीटर आहे म्हणून विज्ञानकथा म्हणू? शेवट बघितला तर भयकथा वाटते. आजीचा भाग वाचून एक मित्र म्हणाला मॅजिक रिअॅलिझम आहे भावा. मला काय ते कळेना झालंय.

भडंग_पार्सल

भयकथा. विषय संपला. तिसऱ्या मजल्यावर छातीएवढी रेघ वाचून माझ्याच अंगावर काटा आला आणि मी तर फुलेवाडीत राहतो. शेवट ज्या जातीचा ती कथा त्या जातीची, तमाशात पण लोक शेवटचं वगनाट्यच लक्षात ठेवतात. अंकवाल्याला भयकथा म्हणून दे, खपंल.

लेथवाला

मी उद्यमनगरात आहे, दिवसभर लेथवर असतोय, त्यामुळं मला तुझं मीटर बोचलं. जरा सविस्तर लिहितो, वाईट वाटून घेऊ नको.

एक तर ओल. जुन्या विटेच्या, मातीच्या भिंतीत खालनं पाणी वर चढतं हे खरं आहे, बारीक छिद्रांतनं चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. पण ते कंबरेच्या आसपास थकतं. आणि त्याची कड कधीच सरळ नसते, नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी असते, वर पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. तेव्हा लेव्हलमध्ये सरळ रेघ हीच तुझ्या कथेतली खरी भानगड आहे, ओल नव्हे. नातू इंजिनिअर असंल तर त्याच्या डोळ्यात आधी ते भरलं पाहिजे. मीटर काय, ओलं आहे एवढंच सांगणार, ते आजीला हात लावून कळतंय.

दुसरं, बंधाऱ्यावरचे फूट आणि घरातले फूट एक नव्हेत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 म्हणजे धोका पातळी, हे इथं शेंबड्या पोराला पण पाठ आहे, पण म्हणून 43 ला तुझ्या घरात 43 फूट पाणी नसतं. तुझ्या घराचा उंबरा बंधाऱ्याच्या कितव्या फुटाला बरोबरीत येतो तो आकडा आधी काढायचा आणि मग वजाबाकी. 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा 55 च्या वर गेलं होतं, त्या दोन वर्षांच्या रेघा जवळजवळ एकमेकींवर आल्या पाहिजेत. तुझ्या वहीत तसं आहे का बघ, नसंल तर कोणतरी वाचक पत्र लिहिणारच.

आणि तिसरं, जे मला खरं लिहायचं होतं. ऑगस्टात पाणी कुठवर येणार ही गोष्ट जूनमधल्या भिंतीला कळतेय. म्हणजे बातमी उलटी, पुढनं मागं येतेय. हे कडक विज्ञानकथेच्या हिशेबानं काळप्रवासाचं प्रकरण झालं, माणूस नाही गेला तरी बातमी गेली. मग लगेच प्रश्न उभा राहतो. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, त्यात कुणाचा हात नाही. पण समजा नातवानं रेघ दाखवून साहेब लोकांना पटवलं आणि जूनमध्येच बाकीच्या धरणांतनं थोडं थोडं पाणी सोडत गेले, आणि पूर आलाच नाही. मग रेघ कशाची उमटली होती? हा प्रश्न कथेत आला आणि त्याच्याशी कुणी झोंबलं तर विज्ञानकथा. नाही आला तर मीटर हे नुसतं शोकेसमधलं खेळणं आहे. पांढरा कोट घातला म्हणून कोण डॉक्टर होत नाही.

विंटेज_फटफटी

स्टीमपंक म्हण ना भावा, आजोबाचं ऑईल इंजिन घाल एक मागच्या खोलीत, नाद खुळा होईल 😄

लेथवाला

@विंटेज_फटफटी इंजिन टाकलं की स्टीमपंक होत नसतं रे. तो शब्दच मुळात गमतीत आलाय, 1987 ला के. डब्ल्यू. जेटर नावाच्या लेखकानं एका मासिकाला पत्र लिहिलं होतं, त्या वेळी सायबरपंकची, म्हणजे कॉम्प्युटर-हॅकरवाल्या विज्ञानकथांची, हवा होती म्हणून यानं टोमणा मारला की आम्ही वाफेच्या काळातलं लिहितो तर आम्हाला स्टीमपंक म्हणा. आणि तो टोमणाच पाटी होऊन बसला. ह्याच्या कथेत वाफ फक्त चहाची.

अंजूताई_वाचते

मी उशिरा आलो धाग्यावर, दिवसभर वाचनालयात नवीन पुस्तकांना नंबर घालत होतो. (बाहेरगावच्यांसाठी, मी बाईच आहे, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो, आयडीवर नका जाऊ.)

नंबर घालायचं काम करतो म्हणून सांगतो, पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं हा प्रश्न रोजचा आहे आणि त्यात एक गोष्ट कळलीय. कथेत काय वस्तू आहे बघून कपाट ठरवलं की हमखास चुकतं. भूत आहे म्हणून भयकथा, यान आहे म्हणून विज्ञानकथा, असं नसतं. त्या वस्तूकडं कथेतली माणसं कशी बघतात ते बघायचं. दचकतात का, कारण शोधतात का, का आपली भाकरी थापायला जातात.

आपल्या मातीतलंच उदाहरण देतो. जयंत नारळीकर कोल्हापुरातच जन्मले, 1938 ला. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' बऱ्याच जणांनी वाचली असणार. इतिहासाच्या प्राध्यापकांना अपघात होतो आणि ते अशा जगात जातात जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. वस्तू बघून ठरवलं तर तो पर्यायी इतिहास, सरळ. पण नारळीकर तिथं थांबत नाहीत. पंत परत येतात, मित्रापाशी बसतात, खिशातनं बखरीचं फाटकं पान काढतात, विश्वासरावांना गोळी चाटून गेली असं लिहिलेलं, आणि मग दोघं मिळून हे कसं घडलं असेल ते क्वांटमच्या आधारानं उलगडत बसतात. ते उलगडत बसणं आहे ना, त्यानं ती विज्ञानकथा होते. तेच पान खिशात तसंच राहिलं असतं आणि पंत गप्प घरी गेले असते तर तीच कथा गूढकथा झाली असती. एवढंसं अंतर.

आता तुझ्या मित्राचा मॅजिक रिअॅलिझम. हा शब्द आधी चित्रांसाठी आला, फ्रान्झ रोह नावाच्या जर्मन समीक्षकानं 1925 ला वापरला, गोष्टीत नंतर शिरला. (आपल्या चित्रकारांच्या गावात तरी हे लोकांना ठाऊक पाहिजे राव.) त्यात अद्भुत गोष्ट घडते पण तिचं कुणाला अप्रूप नसतं, ती घरातल्या पाटावरवंट्यासारखी असते. तुझी आजी शंभर टक्के त्यातली. नातू नाही.

आणि तिसरा एक जण आहे, त्झ्वेतान तोदोरोव नावाचा समीक्षक. 1970 ला त्यानं फ्रेंचमध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तो म्हणतो की अद्भुत म्हणजे अडखळणं. काहीतरी घडतं आणि वाचक दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा राहतो, हे खरंच निसर्गाबाहेरचं आहे का ह्याला साधं काही कारण आहे. कारण मिळालं की एका बाजूला उतरला, निसर्गाबाहेरचंच आहे असं ठरलं की दुसऱ्या बाजूला. जोवर मध्ये उभा आहे तोवर अद्भुत. तुझ्या नातवाची वही म्हणजे ही मधली पायरी आहे असं मला वाटलं, पण तू लिहिलंयस की "सगळं जुळतं". सगळं जुळलं म्हणजे अडखळणं संपलं. वाचक उतरला खाली.

एक विचारतो, प्रकाराचं राहू दे बाजूला. आजीला दर वर्षी आधी कळतं. मग ती शेजारच्यांना का सांगत नाही? अख्खी गल्ली गणपतीचीच ना? यांच्या मूर्ती वर आणि शेजारच्यांच्या पाण्यात? हे वाचून माझं लक्षच उडालं बाकी कथेतनं.

भडंग_पार्सल

अंजूताईंनी मुद्द्याचं विचारलं. आमच्या मावशीकडं 2019 ला शाडूच्या मूर्ती अक्षरशः विरघळत होत्या, बघवत नव्हतं. आधी कळलं असतं आणि सांगितलं नसतं कुणी तर मावशीनं पायताण काढलं असतं.

रंकाळ्याचा_बगळा

बाप रे, एवढं कुणी वाचंल असं वाटलं नव्हतं. लेथवाले, वही काढून बघितली, माझ्या कथेत 2019 ची रेघ खांद्याला आणि 2021 ची गुडघ्याला आहे, मनानंच लिहिलं होतं. दुरुस्त करतो. वजाबाकीचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

अंजूताई, तुमच्या प्रश्नानं रात्री झोप नाही. खरं सांगायचं तर लिहिताना मला शेजारी दिसलेच नव्हते, घर एकटंच माळावर असल्यासारखं लिहिलंय मी. आजीचा भाग थोडा टाकतो इथं, त्यात शेजारी कुठं बसतील सांगा:

"आजीनं रेघेवर बोट टेकवलं, बोट जिभेला लावलं. 'औंदा नदीचंच हाय,' म्हणाली. 'जयंतीचं न्हाई.' मग पदरानं बोट पुसून ती चुलीकडं गेली. तवा तापला होता. दादांनी काही न बोलता शिडी आणली आणि मधली फळी काढून वरच्या खुंट्यांवर ठेवली. मोठ्या गणपतीची सोंड अजून ओली होती, ती धरायची नाही म्हणून त्यांनी त्याला पोटाशी धरून उचलला, लहान पोराला उचलतात तसा."

जयंती म्हणजे जयंती नाला, बाहेरच्यांना सांगतो. तो पण फुगतो ना, मग पाणी कुणाचं हा प्रश्न पडतोच इथं.

अंजूताई_वाचते

हे चांगलंय रे. बोट जिभेला लावणं लईच चांगलं. मीटरनं जे होत नाही ते या बोटानं केलंय, तिला फक्त किती ते नाही, कुणाचं पाणी ते पण कळतं. इथं कथा तिची तिनंच प्रकार सांगतेय, ऐक जरा.

माळकरी_पोरगा

मी एम.ए.ला आहे, याच विषयावर सेमिनार होता म्हणून मध्ये तोंड घालतो. फारा मेंडलसन म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी 2008 च्या पुस्तकात फँटसीचे प्रकार वस्तूवरून न पाडता अद्भुत गोष्ट कथेत आत कशी येते त्यावरून पाडलेत. म्हणजे दार उघडून आपण तिकडं जातो तो एक प्रकार, सगळं जगच तसं असतं आणि आपण आधीपासून त्यातच राहतो तो एक, ती बाहेरनं आपल्या जगात घुसते तो एक, आणि एक अगदी उंबऱ्यावरचा, जिथं वाचकाला विचित्र वाटतं पण पात्रांना त्याचं काहीच वाटत नाही.

हे लावून बघितलं तर गंमत अशी की तुमची कथा पत्ता बदलल्यावर प्रकार बदलते. कुंभार गल्लीत रेघ घरातलीच आहे, उंबऱ्यावरचा प्रकार. सागरमाळच्या फ्लॅटमध्ये ती घुसलेली आहे. म्हणून शेवट भयकथेसारखा वाटतो, रेघ तीच आहे, भिंत तिची नाही. मला तरी हा दोष वाटत नाही, उलट तोच कथेचा जीव आहे, फक्त ते तुम्ही जाणून केलंय असं दिसलं पाहिजे.

क्लायमेट फिक्शन पण म्हणता येईल, दोन वर्षांच्या फरकानं 55 च्या वर दोनदा पाणी गेल्यावर कोल्हापुरात कुणी पूर लिहिला की ते मनात येतंच. पण तसं म्हणायचं तर पूर का वाढतोय याला कथेत कुठंतरी जागा पाहिजे. तुमच्यात पूर पाहुण्यासारखा येतो न् जातो.

विंटेज_फटफटी

मंजे माझं इंजिन कॅन्सलच का

लेथवाला

@विंटेज_फटफटी तुझं इंजिन घरी घेऊन जा.

@रंकाळ्याचा_बगळा दोन दिवस हे डोक्यात घोळतंय, कामावर एक जॉब बिघडवला त्यापायी. अंजूताई म्हणतात ते अडखळणं टिकवायचं असंल तर एक सोपा उपाय आहे. एक वर्ष चुकव. वहीत सगळी वर्षं जुळू दे, फक्त एक वर्ष रेघ आणि पाणी यात चार बोटांचा फरक ठेव. आणि त्या वर्षी काहीतरी झालेलं असू दे, भिंतीला नवा गिलावा केला, नाही तर नातूच टेप धरताना वाकडा उभा होता. म्हणजे वाचकाला कधीच नक्की कळणार नाही की रेघ चुकली का पोरगं चुकलं. शॉपमध्ये पण असंच असतंय, शंभर नग बरोबर आले की कोण बघत नाही, एक मापात बसला नाही की मग मशीन खराब का माणूस यावर दुपारभर वाद.

शेजाऱ्यांचं पण त्यातच बसवता येईल. त्या चुकलेल्या वर्षीच आजीनं शेजारणीला सांगितलं होतं.

अंजूताई_वाचते

लेथवाले तुम्ही लेथ सोडा आणि लिहायला लागा. सांगितलं, शेजारणीनं ऐकून फळ्या तेवढ्याच वर केल्या, आणि पाणी चार बोटं जास्त आलं. शेजारणीचे गणपती गेले. तिथनं पुढं आजी कुणाला सांगत नाही. आता मला कळलं ती गप्प का आहे. आणि "कुणी विचारत नाही" याचा अर्थच बदलला, आधी ते नवल नसल्यामुळं होतं, आता ते लाजेमुळं आहे.

हे केलंस तर विज्ञानकथेच्या कपाटात मी ती ठेवणार नाही, भयकथेच्या पण नाही. अद्भुतकथा म्हण. जुना शब्द आहे पण बरोबर आहे.

भडंग_पार्सल

मी अजून भयकथेवरच आहे. पण शेजारणीचं लिही.

रंकाळ्याचा_बगळा

मंडळी, सांगायला आलो. मीटर काढून टाकलं, टेप ठेवली. चुकलेलं वर्ष घातलं, 2005 टाकलंय, तेव्हा पण मोठा पूर होता आणि नातू तेव्हा लहान होता, टेपचं दुसरं टोक धरायला त्यालाच उभं केलं होतं, म्हणजे वाकडं कोण धरलं ते त्याला मोठेपणी पण सांगता येत नाही. शेजारीण आली. तिला एकच वाक्य दिलंय. पाणी उतरल्यावर ती चिखलातनं येते, आजीला म्हणते "तुमची रेघ तुमच्यापाशी ठेवा", आणि उधार नेलेली शिडी दाराला लावून जाते. शेवट तसाच ठेवला, पण आता फ्लॅटमध्ये रेघ दिसल्यावर नातू आधी शेजारच्या ब्लॉकच्या बेलवर हात ठेवतो. दाबतो का नाही ते लिहिलेलं नाही.

संपादकांना फोन केला, म्हटलं अद्भुतकथा आहे. ते म्हणाले, आमच्याकडं तसा विभाग नाही हो, गूढकथेत टाकतो, चालंल का. म्हटलं चालंल. मग म्हणाले शब्दमर्यादा तीन हजार आहे. माझी आता पाच हजार झालीय. त्याचा वेगळा धागा काढतो.